मंडळी: मराठी मुलखातील ख्रिस्ती उपासना आणि सेवा

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मिशनकार्याची हकीकत सांगायची म्हटले की कॅमेरा आपोआप इमारतींकडे वळतो. मिरजेचे वॉन्लेस रुग्णालय, केडगावचे मुक्ती मिशन, मुंबईचे विल्सन कॉलेज, अहिल्यानगरचे ह्यूम मेमोरियल चर्च या वास्तू चित्रित करायला सोप्या आहेत. त्यांच्या कोनशिला वाचता येतात आणि संस्थापकांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत सापडतात. या माहितीपटाला मात्र त्या इमारतींच्या आत दर रविवारी जमणाऱ्या मंडळीविषयी बोलायचे आहे. एकत्र गाणारी, वचन ऐकणारी, दानाच्या पिशवीत आपल्या कमाईचा वाटा टाकणारी आणि उरलेले सहा दिवस त्या वचनाला जागण्याची धडपड करणारी ही साधी माणसे नसती, तर परदेशातून आलेल्या मिशनऱ्यांचे काम त्यांच्या कबरींपाशीच थांबले असते.

कबरींचा उल्लेख येथे अलंकार म्हणून केलेला नाही. परदेशी मिशनकार्य चालवणाऱ्या 'अमेरिकन बोर्ड' या संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला पोहोचले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांना ते येथे नकोच होते. कलकत्त्यात त्यांना देश सोडण्याचा हुकूम मिळालेला होता. मुंबईतूनही त्यांची रवानगी करण्याची तयारी झाली, तेव्हा ते गुपचूप जहाजाने कोचीनपर्यंत गेले आणि तेथून परत आणले गेले. वर्ष संपता संपता त्यांना राहण्याची मुभा मिळाली खरी, पण नॉट आजारपणामुळे लवकरच मायदेशी परतले. त्यांचे सहकारी सॅम्युएल न्यूएल 1821 मध्ये मुंबईत कॉलऱ्याने दगावले आणि 1826 मध्ये नाशिककडील दौऱ्यावर असताना हॉल यांचाही त्याच रोगाने बळी घेतला. त्याच वर्षी मिशनच्या छापखान्यातून मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा उत्तर भाग, बाहेर पडला. एवढ्या वर्षांत बाप्तिस्मा घेतलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते, म्हणजे हिशेबाच्या वहीत पाहिले तर हा उद्योग सपशेल बुडीत होता.

1831 च्या अखेरीस मिशनने अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे ठाणे उघडले. हे काम उभे करण्यासाठी गेलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांबरोबर बाबाजी नावाचे एक ब्राह्मण ख्रिस्तीही होते आणि ही गोष्ट पुष्कळदा सांगायची राहून जाते. पुढे सिंथिया फरार याच शहरात मुलींना शिकवण्यासाठी आल्या. अमेरिकेतून परदेशी मिशनकार्यासाठी पाठवल्या गेलेल्या सुरुवातीच्या अविवाहित महिलांपैकी त्या एक होत्या. 1827 मध्ये त्या मुंबईत उतरल्या आणि 1862 मध्ये नगरलाच त्यांचा देह पडला. जोतीराव फुले यांनी त्यांची मुलींची शाळा पाहिली आणि 1848 मध्ये पुण्यात स्वतःची शाळा काढली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. 1842 मध्ये नगरहूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले. मिशनच्या मुंबईतील छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजी आणि जावजी दादाजी यांनी पुढे मराठी मुद्रणाला जे वळण दिले, त्याचा धर्मांतराशी काही संबंध नव्हता. मिशनच्या कामाची काही उत्तम फळे अशी मंडळीच्या कुंपणाबाहेर पिकली आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही.

मंडळी खऱ्या अर्थाने पायावर उभी राहू लागली ती 1854 मध्ये, जेव्हा नगरच्या मंडळ्यांवर हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या मराठी पाळकांची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंची, दीक्षा झाली. प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी) देणारा, बाप्तिस्मा करणारा, मयताच्या घरी सर्वांत आधी पोहोचणारा माणूस आता आपल्याच भाषेत वाढलेला होता. खेड्यांमध्ये हे काम बहुधा शाळामास्तरच करीत असे. सोमवार ते शनिवार तो पोरांच्या पाट्यांवर बाराखडी गिरवून घेई, रात्री कंदिलाच्या उजेडात मोठ्यांना वचन वाचून दाखवी, गावकऱ्यांची पत्रे वाची, त्यांचे सरकारी अर्ज लिही आणि रविवारी त्याच खोलीत उपदेशाला उभा राही. बायबल स्त्रिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाया घरोघरी फिरत; जेथे पुरुष उपदेशकाला ओसरीच्या आत पाऊल टाकता येत नसे, तेथे त्या चुलीपर्यंत जात. अहवालांत या दोघांचीही नावे क्वचितच सापडतात, पण मराठवाड्याच्या सीमेपर्यंत पसरलेल्या त्या लहान मंडळ्या या माणसांनीच राखल्या, असे आमचे मत आहे.

विश्वासाची किंमतही याच माणसांनी मोजली. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांपैकी बहुतेक जण महार व मांग समाजातील होते. गावगाड्यातील आपला हक्क, हिस्सा आणि पाणवठा यांच्याशी त्यांचे पोट बांधलेले होते, आणि बाप्तिस्मा झाला की या सगळ्यावरच गदा येई. वरच्या जातींतून आलेल्यांना घर, वारसा आणि नातीगोती गमवावी लागत. धर्म बदलल्यामुळे मालमत्तेचा हक्क जाऊ नये, असा कायदा 1850 मध्ये झाला. कागदावरचा हक्क घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचायला मात्र फार वेळ लागला. मंडळीत एका पेल्यातून प्रभुभोजन घेताना जात गळून पडते, असे उपदेशात सांगितले जाई, पण सोयरीक जुळवताना ती परत उगवे, हे मान्य केल्याशिवाय हा इतिहास प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. स्वतंत्र भारतात 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत. त्यामुळे गावाच्या नजरेत जात कायम आणि सरकारी दाखल्यावर मात्र ती नाही, असा पेच कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या सोसत आली आहेत.

उपासनेच्या गाण्यांकडे वळले की चित्र उजळते. सुरुवातीची गीते इंग्रजी चालींत बसवलेली असत. ऱ्हस्वदीर्घाची ओढाताण होई, समेवर भलताच शब्द येई आणि शेतातून थकून आलेल्या माणसाच्या ओठांवर ती रुळत नसत. 1860 च्या दशकात नगरच्या ख्रिस्ती मंडळीने कीर्तनाचा मार्ग धरला. कृष्णराव सांगळे यांच्यासारखे कीर्तनकार उभे राहिले. हातात चिपळ्या, मागे झांज आणि मृदंग, पूर्वरंगात तत्त्व आणि उत्तररंगात येशूच्या चरित्रातील आख्यान, असा तो थाट असे. उपदेशाच्या वेळी कंटाळून उठून जाणारी माणसे कीर्तनाला रात्रभर बसत, यात नवल नाही. या मातीत देवाचे नाव ऐकायची सवय तशीच आहे.

या धाग्याला सर्वांत समर्थ हात लाभला तो नारायण वामन टिळकांचा. 1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेल्या या कवीच्या हातात आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने नवा करार ठेवला, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्यानंतर विरहाची आणि मानहानीची काही वर्षे आली. त्यांनी नवऱ्यामागून मुकाट्याने धर्म बदलला नाही. आधी सोवळेओवळे स्वतःच्या मनाशी तोलून पाहिले, कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला, आणि मग स्वतःच्या पायांनी त्या मंडळीत आल्या. टिळकांनी अभंग, ओवी आणि भजन यांच्या वळणाने लिहिलेली गीते आजही मराठी चर्चमध्ये पेटी-तबल्यावर गायली जातात. आजीपासून नातवापर्यंत सर्वांना ती तोंडपाठ असतात, पुस्तक हातात असते ते केवळ रीत म्हणून.

टिळकांचा आग्रह गाण्यापुरता मर्यादित नव्हता. परदेशी पैशावर पोसलेली मंडळी परदेशी ठरते, हे त्यांना सलत होते. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 1917 मध्ये 'देवाचा दरबार' या नावाने ख्रिस्ताच्या शिष्यांचा एक बंधुसंघ सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोघेही येऊ शकत होते. काही मिशनऱ्यांना आणि मंडळीतल्याही पुष्कळांना हा विचार पचला नाही. 1919 मध्ये टिळक वारले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही. तरीही त्यांनी पुढे केलेला प्रश्न, म्हणजे मंडळीचा खर्च कोणी चालवायचा आणि तिचे निर्णय कोणी घ्यायचे, हा आजच्या प्रत्येक वार्षिक सभेत वेगळ्या शब्दांत विचारला जातो.

पंडिता रमाबाईंचे काम मिशनच्या कोणत्याच ठरीव चौकटीत बसत नव्हते. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेले. 1893 मध्ये तेथील काही मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झाल्याचे दिसताच मोठे वादळ उठले आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. निराधार माणसाला आधार देताना आपला विश्वास उघड करावा की झाकावा, आणि उघड केल्यास ऐकणाऱ्याचे स्वातंत्र्य कितपत उरते, हा त्या वादाचा गाभा होता. त्यावर दोन्ही बाजूंनी जे बोलले गेले, ते सगळेच काही क्षुद्र नव्हते.

1896 पासून पडलेल्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुलींना आपल्याबरोबर घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यात केडगावच्या माळरानावर विहिरी खणल्या गेल्या, शेती सुरू झाली आणि मुक्ती सदन वसले. 1900 च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली. कृपा सदनात समाजाने टाकलेल्या स्त्रिया राहत, अंध मुलींची वेगळी शाळा होती, आणि विणकाम, दुग्धव्यवसाय, तेलाचा घाणा व छापखाना या कामांत मुली तयार होत. 1905 मध्ये येथे प्रार्थनेतून जे धार्मिक जागरण घडले, त्याची वार्ता जगभर गेली. पण जागरणाच्या त्या दिवसांतही विहिरीवरचे पाणी, गोठा आणि दोन हजार तोंडांचा स्वयंपाक कोणाला चुकला नसणार, याकडे भाविक लेखकांचे सहसा लक्ष जात नाही.

त्या छापखान्यापाशी थोडे थांबले पाहिजे. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर स्वतः करायला घेतले, कारण खेड्यातल्या बाईला कळेल असे मराठी त्यांना हवे होते. खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, यंत्र चालवणे, पाने शिवणे हे सारे मुक्तीतल्या मुलींनी आणि स्त्रियांनी केले. दुष्काळात टाकून दिलेली, अक्षर न ओळखणारी मुलगी काही वर्षांनी खिळ्यांच्या पेटीसमोर उभी राहून उलट्या अक्षरांत उत्पत्तीचा अध्याय जुळवते, हे दृश्य आमच्या मते मुक्तीच्या इतिहासातील सर्वांत बोलके दृश्य आहे. 1921 मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी स्वतःही देह ठेवला आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.

इतर ठिकाणांचा येथे केवळ उल्लेख करता येतो. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उघडले आणि दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकातील रुग्ण तेथे येऊ लागले. नाशिकजवळच्या शरणपूर वसाहतीत गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना शिकवले जाई. तेथे शिकलेला जेकब वेनराइट हा 1873 मध्ये मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांपैकी एक होता आणि पुढच्या वर्षी लंडनला त्यांच्या अंत्यविधीलाही हजर होता. नाशिकच्या वर्गातून निघालेली ही वाट वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेपर्यंत गेली, हे नाशिकच्या फारच थोड्या लोकांना माहीत असेल.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि निरनिराळ्या मिशनांनी उभ्या केलेल्या अनेक मंडळ्या एका छत्राखाली आल्या. परदेशी मिशनरी परतले. जमिनी, शाळा आणि दवाखाने येथेच राहिले. त्या मालमत्तांवरून झालेले वाद आणि कोर्टकचेऱ्या हा समाजाच्या जिव्हाळ्याचा आणि शरमेचाही विषय आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या घरात, म्हणजे राज्याच्या एक टक्क्याहूनही किंचित कमी भरली. त्यात वसईचे कॅथलिक आहेत, मुंबईत स्थायिक झालेले इतर प्रांतांतील ख्रिस्ती आहेत आणि ज्यांच्याविषयी आपण येथे बोलत आहोत, ते नगर, सोलापूर, जालना, नाशिक भागांतील मराठी कुटुंबेही आहेत.

यांतल्या एखाद्या खेड्यातील रविवारची उपासना पाहिली, तर उपदेशाइतकाच सूचनांचा भाग लक्ष देऊन ऐकावा. कोण आजारी आहे आणि त्याच्या घरी बुधवारची प्रार्थना सभा किती वाजता आहे, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले आहे, कोणाच्या शेतावर मजुरांअभावी काढणी अडली आहे, शब्बाथ शाळेसाठी, म्हणजे मुलांच्या बायबलवर्गासाठी, कोणी वह्या द्यायच्या, महिला संघाने दवाखान्यातल्या रुग्णांना भेटायला कधी जायचे, हे सगळे तेथे बोलले जाते आणि लोक जागच्या जागी हात वर करून कामे वाटून घेतात. विश्वासाला उद्देश कसा मिळतो, याचे उत्तर या पंधरा मिनिटांत जेवढे सापडते तेवढे मोठ्या परिषदांच्या ठरावांत सापडत नाही.

आज कित्येक पाळकांकडे एकाहून अधिक गावांच्या मंडळ्या आहेत आणि तरुण पिढी पुणे-मुंबईला नोकरीसाठी गेली आहे. पाळक दुसऱ्या गावी असेल त्या रविवारी मंडळीतला एखादा वडील उपासना चालवतो, निवृत्त शिक्षिका वचन वाचते आणि पेटीवर शाळकरी मुलगा बसतो. शहरात गेलेली मुले दशमांश, म्हणजे मंडळीला द्यायचा कमाईचा दहावा हिस्सा, आता मोबाइलवरून पाठवतात. तो पैसा छपराच्या दुरुस्तीला लावायचा की शेजारच्या वस्तीतल्या मुलांच्या अभ्यासवर्गाला, यावर पंचांच्या बैठकीत तावातावाने चर्चा होते. बहुतेक वेळा निम्मा इकडे आणि निम्मा तिकडे असा तोडगा निघतो, आणि छप्पर आणखी एक पावसाळा गळत राहते.