टाकी फुल ते टाकी फुल : लांबच्या प्रवासातला पेट्रोलचा हिशोब

नमस्कार श्रोतेहो. मे महिन्याची सुट्टी असो की दिवाळीनंतरचे आठ दिवस, घरची गाडी काढायची, कोकणात उतरायचं आणि पुढे गोव्यापर्यंत जाऊन यायचं, असा बेत आता पुष्कळ घरांत ठरतो. परत आल्यावर कुणीतरी विचारतं, "पेट्रोलला किती गेले?" आणि उत्तर येतं, "गेले असतील सात-आठ हजार." दोन कुटुंबं मिळून गेली असली, तर या 'असतील'वरच वाटणी होते आणि कुणाच्या तरी मनात खुटखुट राहते. ती राहू नये म्हणून आज या हिशोबाबद्दल बोलायचं आहे. कागद-पेन जवळ घ्या. आकडे आहेत, पण सावकाश सांगतो.

आपली सवय रुपयांत पेट्रोल भरण्याची. "दोन हजारांचं टाका," म्हणायचं आणि काटा कुठे आला ते बघायचं. पण काट्यावरून लिटर कळत नाहीत. बऱ्याच गाड्यांत वरची अर्धी टाकी सावकाश उतरते आणि खालची अर्धी भराभर, कारण टाकीचा आकार सगळीकडे सारखा नसतो. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि ओडोमीटरचा, म्हणजे गाडी आजवर एकूण किती किलोमीटर धावली त्याचा, आकडा वहीत लिहा. ही पहिली टाकी प्रवासाच्या खर्चात धरायची नाही, ती फक्त आपली रेघ आहे. परत आल्यावर पुन्हा टाकी फुल केली की त्या रेघेपासून या रेघेपर्यंत जेवढे लिटर भरले, तेवढेच जळले. आधी टाकीत किती होतं, कुणाच्या पैशांचं होतं, हा वादच उरत नाही.

आता 'फुल' म्हणजे किती? नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. पेट्रोल किंवा त्याचा फेस तिथवर चढला, की त्या भोकातून येणारी हवा तुटते आणि नोझल खटकन बंद होतं. हाच ऑटो कट. पंपावरचा मुलगा मग विचारतो, "राउंड करू का?" म्हणजे रक्कम पूर्ण आकड्यात येईपर्यंत आणखी थोडं टाकू का? नाही म्हणा. एकदा राउंड करताना अर्धा लिटर जास्त जातं, पुढच्या वेळी जात नाही, आणि दोन्ही वेळचं फुल वेगवेगळं होतं. शिवाय गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल, वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरलं तर तो डबा निकामी होतो. ऑटो कटही अगदी काटेकोर नसतो. जोरात भरलं, गाडी उतारावर उभी असली किंवा डिझेलला फेस आला, तर तो लवकर पडतो. एक लिटरचा फरक सहज होऊ शकतो. दहा लिटर भरताना एक लिटर चुकलं तर ॲव्हरेज दहा टक्क्यांनी चुकलं. सत्तर लिटरच्या प्रवासात तेच एक लिटर जेमतेम दीड टक्का होतं. त्यामुळे एकाच टाकीच्या ॲव्हरेजवरून गाडीला नावं ठेवू नका आणि डोक्यावरही घेऊ नका.

वहीत रकाने सहाच पुरतात: तारीख, गाव, ओडोमीटर, लिटर, रुपये आणि शेवटी फुल की अर्धवट. हा शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. उदाहरण घेऊ. समजा, पुण्याहून टाकी फुल करून निघालात, ओडोमीटर ४२,३१०. कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली करत सावंतवाडीला पोचलात, ओडोमीटर ४२,६९२. तिथे फुल केली, २२.४ लिटर बसलं. ३८२ किलोमीटर भागिले २२.४, म्हणजे ॲव्हरेज १७.०५. पुढे मालवणात दहाच लिटर भरलं, ते अर्धवट. आता इथे भागाकार करायचा नाही. लिटर लिहायचे आणि पुढे जायचं. म्हापशाला ओडोमीटर ४२,९७० असताना फुल केली, ८.५ लिटर बसलं. आता सावंतवाडीपासूनचे किलोमीटर घ्या, २७८, आणि मालवणचे दहा धरून लिटर घ्या १८.५. ॲव्हरेज १५.०३. मालवणचे दहा विसरलात तर हाच आकडा ३२च्या वर जातो, आणि माणूस खुशीत चार जणांना सांगतो. परत पुण्यात, ओडोमीटर ४३,४२०, लिटर २८. शेवटच्या टप्प्याचं ॲव्हरेज १६.०७.

एकूण किलोमीटर १,११०, एकूण लिटर ६८.९. पूर्ण प्रवासाचं ॲव्हरेज १६.११. शंभर रुपये लिटर धरलं तर ६,८९० रुपये, म्हणजे किलोमीटरला सहा रुपये एकवीस पैसे. हा किलोमीटरचा दर जपून ठेवा. पुढच्या बेताला तोच उपयोगी पडतो.

टप्प्यांच्या ॲव्हरेजची सरासरी काढू नका. समजा हायवेवर ६०० किलोमीटर, २०चं ॲव्हरेज, म्हणजे ३० लिटर. गावात ६० किलोमीटर, १०चं ॲव्हरेज, म्हणजे ६ लिटर. वीस आणि दहाची सरासरी १५ येते. खरं ॲव्हरेज ६६० भागिले ३६, म्हणजे १८.३३. सगळे किलोमीटर एका बाजूला, सगळे लिटर दुसऱ्या बाजूला, आणि भागाकार एकदाच.

उदाहरणात जाताना १७ आणि येताना १६ का आलं, हेही बघा. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, आंबोली त्याहूनही उंच, आणि सावंतवाडी पार खाली. कोकणात जाताना एकूण उतार मिळतो, येताना भरलेली गाडी घाट चढते. म्हणून एका बाजूचं ॲव्हरेज कधीच सांगू नये, येऊन-जाऊनच सांगावं. आणि घाटाचा विषय निघालाच आहे तर कळकळीने सांगतो, उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचत नाही. आताच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन जवळजवळ तोडलं जातं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. वर इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि आंबोलीच्या वळणांवर ब्रेक तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. चढताना जो गिअर लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

डॅशबोर्डवर दिसणारं ॲव्हरेज इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून काढलेलं असतं. पंपावरच्या लिटरशी ते तंतोतंत जुळत नाही. पहिल्या प्रवासात दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा, म्हणजे आपल्या गाडीचा डॅशबोर्ड किती चढवून सांगतो ते कळेल. गाडी घेताना ऐकलेला एआरएआयचा, म्हणजे गाड्यांची चाचणी करणाऱ्या संस्थेचा, आकडा तर बेतासाठी धरूच नका. ती चाचणी रोलरवर, आखून दिलेल्या वेगांत होते. तिथे घाट नाही आणि भरलेली डिकीही नाही.

किलोमीटरही तपासून घ्यावे लागतात. १८५/६५ आर १५चे टायर काढून कुणी रुंद १९५/६५ बसवले असतील, तर चाकाचा व्यास दोन टक्क्यांनी वाढतो, कारण ६५ म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रुंदी वाढली की उंचीही वाढते. गाडी १०२ किलोमीटर धावते आणि मीटर १०० दाखवतं, म्हणजे ॲव्हरेज विनाकारण कमी दिसतं. हायवेच्या कडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून सलग वीस किलोमीटर मोजून ताळा करता येतो. आणि हवा! पाच माणसं आणि सामान असेल तेव्हाचं प्रेशर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर वेगळं दिलेलं असतं. ते निघायच्या सकाळी, टायर थंड असताना भरा. शंभर किलोमीटर धावलेल्या टायरमध्ये हवा जास्तच दाखवते, ती पाहून काढू नका.

पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, राज्याराज्याचा कर वेगळा, म्हणून दरही वेगळा. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळतं, तेव्हा परतीची टाकी बांद्याच्या अलीकडे, गोव्यातच भरून घ्या. पण त्यासाठी वाट वाकडी करायची का? समजा लिटरला सात रुपये वाचले आणि पंचवीस लिटर भरलं, तर १७५ रुपये वाचतात. त्यासाठी जाऊन-येऊन वीस किलोमीटर फिरलात तर सव्वाशे तिथेच गेले. पहाटे थंडीत भरलं की जास्त पेट्रोल मिळतं, ही समजूतही सोडून द्या. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. माप कमी वाटलं तर वाद घालण्यापेक्षा पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा. ते प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो.

सीएनजीच्या गाडीत हिशोब किलोचा. तिथलं फुल दर वेळी सारखं नसतं. पंपावर प्रेशर कमी असेल किंवा भरताना सिलिंडर तापला, तर गॅस कमी बसतो. म्हणून दोन-तीन भरण्यांची बेरीज करूनच ॲव्हरेज काढा. गाडी सुरू होताना आणि गॅस संपल्यावर पेट्रोल जळतं, त्याचा रकाना वेगळा ठेवा. किलो आणि लिटर एकमेकांत मिसळता येत नाहीत, रुपये मिसळता येतात. म्हणून अशा गाडीचा हिशोब शेवटी रुपये भागिले किलोमीटर असाच करा.

टोल वेगळा लिहा, पेट्रोलमध्ये घालू नका. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, प्रत्येक नाक्याची कपात फास्टॅगच्या स्टेटमेंटमध्ये तारीख-वेळेसकट मिळते. १५ ऑगस्ट २०२५ला राष्ट्रीय महामार्गांसाठी वार्षिक पास सुरू झाला, तेव्हा तो २०० फेऱ्यांना ३,००० रुपये होता, म्हणजे फेरीला, एक नाका एकदा ओलांडायला, पंधरा. ज्याच्या गाडीला पास आहे त्याच्या खात्यातून त्या दिवशी काही कापलं जात नाही, म्हणून वाटणीत त्याचे हे फेरीमागचे रुपये राहून जातात. तेही धरा.

पावती डॅशबोर्डवर टाकू नका. तो कागद उष्णतेने काळा पडतो, आणि मेच्या उन्हात दोन दिवसांत त्यावर वाचण्यासारखं काही उरत नाही. पंपावरून गाडी हलवायच्या आधी मागे बसलेल्या एकाने मशीनचा आकडा आणि ओडोमीटर, दोन्हींचा फोटो काढायचा. हे काम मुलांना द्या, दहा-बारा वर्षांची मुलं ते मोठ्यांपेक्षा चोख करतात. आणि घरी पोचलात की बॅगा उतरवण्याआधी, जिथून टाकी फुल करून निघालात त्याच पंपावर जा, जमलं तर त्याच मशीनवर, आणि ऑटो कट पडला की थांबा. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊन मग भरलं, तर ऑफिसचे किलोमीटर गोव्याच्या खात्यात जातात.