अर्धं मैदान

मघाशी ओळख करून देताना तुम्ही एक आकडा ऐकलात, १,०९८ विजय. आकडा बरोबर आहे. पॅट समिट यांनी अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाचा महिला बास्केटबॉल संघ प्रशिक्षक म्हणून ३८ हंगाम सांभाळला. त्यात १,०९८ सामने जिंकले, २०८ हरले. विजयांपेक्षा पराभव जास्त झाले असा हंगाम एकही नाही. राष्ट्रीय विजेतेपदं आठ. झाला हिशेब. आता तो बाजूला ठेवू, कारण मला आज बोलायचंय ते मैदानाच्या मधोमध आखलेल्या एका रेषेबद्दल.

१९७० च्या दशकात टेनेसीतल्या शाळांमध्ये मुली बास्केटबॉल खेळायच्या, पण तो आपण पाहतो तो बास्केटबॉल नव्हे. एका संघात सहा जणी. तिघींनी फक्त बास्केट करायचे, तिघींनी फक्त अडवायचं आणि मधली रेषा कुणीच ओलांडायची नाही. चेंडू पलीकडे गेला की अलीकडच्या तिघी नुसत्या उभ्या. चार-चार वर्षं शाळेच्या संघात खेळून सामन्यात एकदाही बास्केटकडे चेंडू न मारलेल्या मुली यातून तयार होत. का, तर सबंध मैदानभर धावणं मुलींच्या प्रकृतीला झेपत नाही! हे ठरवणाऱ्यांपैकी किती जणांनी शेतावर राबणाऱ्या बायका पाहिल्या होत्या, कुणास ठाऊक.

समिटबाई शेतावरच्याच. जन्म १९५२ चा, टेनेसीतल्या क्लार्क्सव्हिलचा. माहेरचं नाव पॅट्रिशिया हेड. तीन मोठे भाऊ, एक धाकटी बहीण. घरी तंबाखूची शेती आणि दुभती जनावरं. वडील कडक. मुलगी आहे म्हणून कामातून सूट नाही, गवत गोळा करायला तीही. दिवसाची कामं उरकली की चौघं भावंडं शिडीने गोठ्यावरच्या गवताच्या माळ्यावर चढायची. तिथे वडिलांनी बास्केट टांगून दिवे लावून दिले होते. दोघं विरुद्ध दोघं, आणि बहीण म्हणून कुणी धक्का हळू मारत नसे. ती शाळेच्या संघात खेळण्याच्या वयाची झाली, तर तिच्या वाट्याच्या शाळेत मुलींचा संघच नव्हता. वडिलांनी काय करावं? घर हलवलं. अख्खं कुटुंब शेजारच्या काउंटीतल्या हेन्रिएटा नावाच्या गावी गेलं, कारण तिथल्या शाळेत मुलींचा संघ होता. मुलीशी गोड बोलणं या माणसाला जमत नसे, पण तिच्या खेळासाठी बिऱ्हाड हलवणं जमलं.

पुढे ती टेनेसी विद्यापीठाच्या मार्टिन इथल्या शाखेत गेली. घरी तिला ट्रिश म्हणत. मार्टिनला सगळे पॅट म्हणू लागले आणि ती इतकी लाजरी की चूक दुरुस्त करायचं धाडस झालं नाही. तेच नाव चिकटलं. ज्यांच्या नजरेला पुढे खेळाडू थरथर कापायच्या, त्या बाईंची ही गोष्ट! भावांना खेळावर शिष्यवृत्त्या मिळाल्या होत्या. हिला नाही, कारण मुलींसाठी शिष्यवृत्तीच नव्हती. फी आई-वडिलांनी भरली.

१९७२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. इंग्रजीत त्याचं मूळ कलम ३७ शब्दांचं आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणात स्त्री-पुरुष भेद करायचा नाही, एवढंच ते म्हणतं. खेळ हा शब्द त्यात नाही. पण त्या कलमामुळे कॉलेजांना मुलींच्या खेळाकडे बघावं लागलं. मनापासून म्हणा, नाइलाजाने म्हणा.

दोन वर्षांनी नॉक्सव्हिलच्या मुख्य विद्यापीठात पॅट हेड पुढच्या शिक्षणासाठी आल्या. नेमणूक होती सहायकाची. तेवढ्यात मुख्य प्रशिक्षक बाई रजेवर गेल्या आणि बाविसाव्या वर्षी संघ यांच्या गळ्यात पडला. पगार महिना २५० डॉलर. संघातल्या चौघी यांच्याहून जेमतेम वर्षाने लहान. गणवेश आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून आलेले. ते धुवायचे बाईंनी आणि बाहेरगावच्या सामन्याला व्हॅन चालवायची, तीही बाईंनीच. पहिला सामना डिसेंबर १९७४ मध्ये. हरल्या, ८४-८३. प्रेक्षक किती? ५३.

त्याच सुमारास त्यांचा गुडघा निकामी झालेला होता. खेळताना स्नायुबंध फाटला होता आणि हे त्या काळात कारकीर्द संपल्याचंच लक्षण. पण १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉल पहिल्यांदाच येणार होता. म्हणजे दिवसभराचा हिशेब बघा: स्वतःचा अभ्यास, मुलींना शिकवणं, संघाचा सराव घेणं आणि मग स्वतःचा सराव, गुडघ्याचे व्यायाम. माँट्रियलला त्या अमेरिकी संघाच्या दोन कर्णधारांपैकी एक होत्या. रौप्यपदक मिळालं. आठ वर्षांनी लॉस एंजेलिसला सुवर्ण मिळालं, तेव्हा त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या.

आता त्या रेषेकडे येतो. कॉलेजात पाच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ. आणि राज्यातल्या शाळांतून येणाऱ्या मुलींना अर्ध्याच मैदानाची सवय. कुणाला बचाव येत नाही, कुणाला बास्केट. बाईंनी सांगून टाकलं: शाळांचा नियम बदलत नाही तोवर मी या राज्यातल्या मुली घेणार नाही, बाहेरून आणीन. स्वतःच्या राज्याच्या विद्यापीठातली प्रशिक्षक, पंचविशीतली, असं बोलते! जन्मभर सहा जणींचाच खेळ शिकवलेल्या शाळांच्या प्रशिक्षकांना ते झोंबलं असणारच. पण १९७९ साली नियम बदलला. माझ्या लेखी आठ विजेतेपदांच्या आधी हे काम मांडायला हवं. विजेतेपदं एका विद्यापीठाची, पुसलेली रेषा सगळ्या राज्यातल्या मुलींची.

त्यांच्या कडकपणाच्या गोष्टी भरपूर आहेत, त्या सगळ्या सांगत नाही. एक मात्र सांगतो. वर्गात खेळाडूंनी पहिल्या तीन ओळींत बसायचं. तास बुडवला तर सामना बुडाला. लहानसा नियम, पण बघा त्यात काय आहे. खेळाडू मागच्या बाकावर डुलक्या काढणार, हे जगात सगळीकडे गृहीत धरलेलं असतं, अगदी शिक्षकांकडूनही. बाई ते गृहीतच धरू देत नाहीत. खेळण्याची मुदत पूर्ण केलेली त्यांची एकही खेळाडू पदवीशिवाय राहिली नाही. सरावासाठी समोर कॉलेजची मुलं उभी करायच्या, मुलींहून उंच आणि वेगवान. बहुधा माळ्यावरचे भाऊ आठवत असावेत. आणि एवढा धाक असून मुली त्यांना 'कोच' म्हणत नसत, सरळ 'पॅट' म्हणत.

पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मात्र लवकर आलं नाही. १९७४ ला सुरुवात, १९८७ ला विजेतेपद. मधल्या काळात राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत पोचून कितीदा तरी हात हलवत परत. नंतर मग १९९६, ९७, ९८ असं सलग तीनदा. त्यातल्या मधल्या वर्षी त्यांचा संघ दहा सामने हरून विजेता झाला आणि पुढच्या वर्षी ३९ पैकी ३९ जिंकला. लोक ३९ चं कौतुक करतात. मला दहा पराभवांचं वर्ष जास्त आवडतं. पुढे पुरुषांच्या संघासाठीही त्यांच्याकडे विचारणा झाली, तर त्यांचा उलट प्रश्न होता की याला बढती का म्हणायचं?

विमानाची गोष्ट सांगितल्याशिवाय सोडणार नाही. सप्टेंबर १९९०. बाईंचे दिवस भरत आलेले, आणि त्या पेनसिल्व्हेनियात मिशेल मार्सिनियाक नावाच्या मुलीच्या घरी, तिने आपल्याकडे यावं म्हणून. तिथेच कळा सुरू झाल्या. परतीच्या विमानात वैमानिक म्हणाले, वाटेत व्हर्जिनियात उतरू. बाई म्हणाल्या, नाही. त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या संघाने यांना हरवून राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर काढलं होतं, आणि शेवटच्या चार संघांचे सामने त्या खेपेला नेमके नॉक्सव्हिलला, यांच्या घरच्या मैदानावर होते. तो सल! मुलगा टायलर जन्मला तो नॉक्सव्हिललाच. मिशेल आधी दुसऱ्याच विद्यापीठात गेली, वर्षाने टेनेसीत आली आणि १९९६ च्या विजेतेपदाच्या वेळी अंतिम फेरीतली सर्वोत्तम खेळाडू ठरली.

२०११ साली, ५९ व्या वर्षी, त्यांना अल्झायमर असल्याचं निदान झालं. त्यांनी ते लपवलं नाही, जाहीर सांगितलं, आणि आणखी एक हंगाम बाकावर बसल्या. सूचना बऱ्याचदा सहायक देत, पण बाई जागेवर असत. २०१६ च्या जूनमध्ये, ६४ व्या वर्षी, त्या गेल्या.

पण २०१२ चा एप्रिल सांगायचा राहिला. हॉली वॉर्लिक ही १९७० च्या दशकातली त्यांची खेळाडू, पुढे २७ वर्षं त्यांची सहायक. संघ आता तिच्याकडे जाणार होता. पत्रकार परिषदेत हॉलीच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईंनी आपली शिट्टी तिच्या हातात दिली.