जुलैतला कुत्रा

(वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. वक्ते रत्नागिरी जिल्ह्यात नोकरी केलेले निवृत्त पशुधन पर्यवेक्षक आहेत.)

मंडळी, बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय, 'कुत्रा: दत्तक घ्यावा की विकत आणावा?' हा अध्यक्षांनी दिलेला. मी 'जुलैतला कुत्रा' असं सुचवलं होतं, पण ते म्हणाले लोकांना कळायचं नाही. बघू कळतं का. मला पाऊण तास दिलाय, आठ चाळीसला शेवटची एस.टी. आहे आणि निम्मं सभागृह त्याच गाडीचं आहे. मीपण. मागे कुणाचा तरी फोन बारीक वाजतोय, तेवढा बंद करा.

एकतीस वर्षं मी दवाखान्यात गुरं, बकऱ्या, कोंबड्या आणि कुत्री बघितली. त्यातून माझं एक मत झालंय. आमची ही त्याला खूळ म्हणते. आपल्याकडे घरात कुत्रा येतो तो दोनच मोसमांत, मे महिन्यात आणि गणपतीत. मे महिन्यात नातवंडं येतात, अंगणात आंब्याच्या पेट्या असतात, सगळं छान असतं. गणपतीत चाकरमानी येतो, त्याच्या मुलांना मुंबईच्या फ्लॅटमध्ये सांभाळता न आलेलं पिल्लू असतं, ते आजीकडे राहतं. 'गावाला काय, मोकळं आहे.' आजीचं वय बहात्तर. तिला विचारतो कोण!

आणि कुत्रा घरातून जातो कधी? पावसात. जुलैमध्ये 'मला कुत्रा पाहिजे' म्हणून दवाखान्यात आलेला माणूस मी एकतीस वर्षांत पाहिला नाही. चार दिवस कपडे वाळलेले नाहीत, चुलीवर वलणी बांधलीय, त्यात ओल्या कुत्र्याचा वास. ओटीवर लाल मातीचे पाय. आणि गोचीड! आपली घरं जांभ्याच्या चिऱ्याची. जांभ्याला भोकं किती असतात ते तुम्हाला सांगायला नको. गोचीड कुत्र्याच्या अंगावर राहते तेवढीच भिंतीतही राहते, अंडीही तिथंच घालते. तुम्ही कुत्र्याला औषध लावता, भिंतीला लावत नाही. मग ताप येतो, जेवण सुटतं, लघवी कॉफीसारखी होते, आणि लोक म्हणतात, 'उन्हाळी लागली असेल.'

तर माझं म्हणणं एवढंच, की कुत्रा हवा असं वाटलं तर जुलैपर्यंत थांबा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, ओटी पुसून झाल्यावर, तरीही हवा असं वाटलं तर आणा. दत्तक की विकत हा त्याच्या नंतरचा प्रश्न.

आता त्या प्रश्नाकडे वळतो, पण आधी पावतीची गोष्ट सांगितली पाहिजे.

माझा पुतण्या डोंबिवलीला असतो. काही वर्षांपूर्वी, अर्थात मे महिन्यात, तो गाडीतून खोकं घेऊन उतरला. खोक्यात क्रीम रंगाचं पिल्लू, गोळा नुसता. म्हणाला, 'काका, लॅब्रॅडॉर. आठ हजार.' आमची ही आतून म्हणाली, 'मेल्या, आठ हजारात बकरी आली असती.' मी विचारलं, वय किती? पंचेचाळीस दिवस. मी तोंडात बोट घातलं. पंचेचाळीस दिवसांच्या पिल्लाचे दात सुईसारखे टोचतात. ह्याचे पुढचे दात नुकते कुठे हिरडीतून डोकावत होते. महिनासुद्धा झालेला नव्हता. कागद? 'मागाहून पाठवतो म्हणालाय.' पावती? नाही. आई बघितलीस का? तर पुतण्या काय म्हणावा? 'विचारलं मी. तो म्हणाला, आई गावाला गेलीय.'

हसा, हसा. मलाही तेव्हा हसू आलं. पाचव्या दिवशी आलं नाही. सकाळी उलटी, दुपारी रक्ताची हगवण, आणि तो वास. ज्यांनी पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारी विषाणूची हगवण, बघितलाय त्यांना तो वास खोलीच्या दारातच कळतो. आईचं दूध अर्ध्यावर तुटलेलं, लस नाही, आणि खोक्यात ठेवायच्या आधी ते कुठल्या घाणीत होतं कोण जाणे. पडवीत आंब्याची पेटी उलटी घातली, त्यावर गोणपाट, वर बांबूला सलाईनची बाटली. चार रात्री मी आणि ही आळीपाळीनं बसलो. सहा महिन्यांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ही एवढी जागली नव्हती. ती इथं पहिल्या रांगेत बसलीय, म्हणून नोंद करून ठेवतो. पाचव्या दिवशी पिल्लानं पेजेच्या निवळीत तोंड घातलं.

जगलं. मग वाढायला लागलं. चार महिन्यांचं झालं तेव्हा एक कान उभा राहिला. लॅबचा कान उभा राहत नाही. मी गप्प. पुढच्या पंधरवड्यात दुसरा राहिला. शेपटीला वेटोळं पडलं. तोंड निमुळतं झालं. गणपतीला पुतण्या आला, अंगणात उभा राहून बघत राहिला आणि म्हणाला, 'काका, ही तर गावठी.' आपल्या घाटीखालच्या वाडीत जशी दहा फिरतात, तशी अकरावी. आठ हजार रुपये मोजून पुतण्यानं रस्त्यावरचं पिल्लू दत्तक घेतलं होतं, फक्त त्याला ते माहीत नव्हतं! हिनं त्याच दिवशी तिचं नाव पावती ठेवलं. पुतण्याकडे नव्हती ना, म्हणून.

म्हणजे दत्तक की विकत, हा निवाडा आमच्या घरात असा परस्पर झाला.

पण दत्तकवाल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. मिरकरवाडा बंदरावरची कुत्री तुम्ही बघितलीत. मच्छी उतरते तोवर ती सुखात असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, की बरगड्या मोजून घ्या. अशा एका जुलैत, माझ्या तत्त्वाला जागून, मी तिथून एक थोराड कुत्रा घरी आणला. लस टोचली, जंताचं औषध दिलं, गोचिड्या काढल्या. पेज पुढे केली तर माझ्याकडे असा बघायचा, की मीच भीक मागतोय. सुका बांगडा लागायचा. पावतीशी पटलं, हिच्याशी पटलं, माझ्याशी कामापुरतं. १ ऑगस्टला बंदी उठली आणि ३ तारखेला हा गायब. घरापासून बंदर चार किलोमीटर. जेटीवर जाऊन बघतो तर पापलेटच्या टोपलीशेजारी पाय पसरून बसलेला! मला ओळखलं, शेपटी हलवली, उठला नाही. पुढच्या जूनमध्ये स्वतःच्या पायांनी परत आला. तीन पावसाळे आला.

तेव्हा 'वाचवला' म्हणताना जरा जपून. काही कुत्र्यांना घर नको असतं, दोन महिन्यांची सोय हवी असते. म्हणून उलट कुणी पिल्लं किनाऱ्यावर सोडू नका हं. 'मासे खाऊन जगतील' म्हणतात आणि जाळीच्या पिशवीतून नेऊन सोडतात. वेळासला २००२पासून कासवांची अंडी उचलून कुंपणात ठेवावी लागतात, कारण वाळूतली घरटी कोल्हे, कुत्री आणि माणसं उकरतात. आपण सोडलेलं पिल्लू तिथंच जेवतं.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटं.' अरे, मी अजून विषयावर आलो नाही! बरं, भराभर सांगतो.

विकत घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, ते पाप नाही. पण २०१७चे कुत्रा प्रजनन आणि विक्रीचे नियम आहेत. विकणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. मादी दीड वर्षाच्या आत गाभण करायची नाही, वर्षातून एकदाच, जन्मात पाच वेतांच्या वर नाही. स्वतः जाऊन आई बघा. आई गावाला गेली असेल तर तुम्हीही गावाला या. जात निवडताना आपली हवा बघा. चिपळुणात एका बंगल्यात सायबेरियन हस्की बघितला, एप्रिलमध्ये मोरीत फरशीला पोट लावून पडलेला. पगाला नाक असं नाहीच, दमट उन्हात तो श्वासासाठी झगडतो. वहिनी, तुमच्याकडचा माहितीये मला, तुमच्याकडे एसी आहे, तुम्हाला म्हणत नाही.

दत्तक घ्यायचा तर पिल्लूच हवं हा हट्ट सोडा. २०१९च्या पशुगणनेत देशात मोकाट कुत्री दीड कोटीच्या वर भरली, पोतं रिकामं व्हायचं नाही. समोर बसलेल्यांत साठीच्या पुढचे किती? हात नको, दिसतंय. पिल्लू बारा-चौदा वर्षं जगतं. हिशेब तुम्हीच करा. मुलं पुण्या-मुंबईला, घरात दोघंच, तिथं तीन-चार वर्षांचा, आकार आणि स्वभाव ठरलेला कुत्रा बरा. महिनाभर दाराशी खायला घाला, बघा कसा वागतो. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही दत्तकाची वाट मोकळी ठेवली, पण बजावलं, की घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर दिसता कामा नये. आणि रात्री त्याला पडवीत बांधू नका. आपल्याकडे बिबट्या येतो, आणि साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे त्याला वाढलेलं ताट.

लस दोघांनाही सारखीच. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो, डिस्टेंपर आणि लेप्टोची एकत्रित सुई, सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा. तीन महिन्यांना रेबीज, मग दरवर्षी. पार्व्होनं पिल्लू गेलेल्या अंगणात लगेच दुसरं आणू नका, विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. कुत्रा चावला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा. चुना, मिरची, हळद जेवणात ठेवा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर कुणाच्याच हातात काही राहत नाही. मादीचं ऑपरेशन करून घ्या. पावतीचं मी केलं, नाहीतर आज तुम्हा प्रत्येकाला घरी जाताना एकेक रसीद मिळाली असती.

गाडीचा हॉर्न ना तो? आलीच. कंडक्टरला कुणीतरी दोन मिनिटं थांबवा. तो मागचा फोन अजून वाजतोय… फोन नाही तो. शेवटच्या बाकाखाली करंडी कुणाची आहे? तुमची? मे महिना आहे, मी काय घसा कोरडा केला इतका वेळ? आणा इकडे. झाकण काढू नका, मी काढतो. आधी दात बघू दे.