टीप भरकटते तिथून

(मये तलावाची वाट, सकाळ)

ही बाई गोव्यात, डिचोलीत ब्लाऊज शिवते. तिला नार्कोलेप्सी आहे, म्हणजे दिवसा अवचित झोप लागण्याचा आजार. सकाळी उठल्यावर मोडाफिनिलची गोळी घ्यायची, मग तलावाकाठी झपझप चालायचं. ही गोळी दिवसा जागं राहायला मदत करते. उशिरा घेतली तर रात्रीची झोप उडवते, म्हणून ती सकाळीच.

(शिलाई मशीन, कापडाचा जवळून शॉट)

हे कापड नीट पाहा. टीप सरळ येत येत इथे भरकटली आहे. हात चालू होते, पाय पायडलवर होता आणि तिला झोप लागली होती. नार्कोलेप्सीत असं होतं. घरच्यांनी दृष्ट काढली, शेजाऱ्यांनी आळशी ठरवलं. हा आळस नाही, मेंदूचा आजार आहे. ओरेक्सिन हे मेंदूतलं रसायन १९९८ साली सापडलं. जागेपण टिकवण्याचं काम त्याचं. ते बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की दिवसाच्या कुठल्याही क्षणी झोप आत शिरते.

निदान करताना आधी रात्रभर डोक्याला तारा लावून झोप तपासतात. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी पुन्हा झोपायला सांगतात आणि डोळा किती मिनिटांत लागतो ते मोजतात.

चालण्याने ओरेक्सिन परत येत नाही. पण रात्रीची झोप सुधारते, वजन आटोक्यात राहतं. रोज किमान वीस मिनिटं, आणि रात्रीच्या झोपेच्या किमान चार-पाच तास आधी.

(दुपारचा बाजार, खाली येणारी शटरं)

गोव्यात दुपारी दुकानं बंद होतात, ते तिच्या पथ्यावर पडलं. गजर लावून घेतलेली वीस मिनिटांची डुलकी हा तिच्या उपचाराचाच भाग आहे. स्कूटर चालवणं मात्र तिने सोडलं आहे.

एक गोष्ट डॉक्टरांना विचारायला बायका संकोचतात. मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. जरूर विचारा.

(देवळाचा मंडप, तालीम)

जत्रेच्या नाटकाची तालीम. विनोदी प्रवेश रंगला, सगळे हसले. आता तिच्याकडे पाहा: मान कलली, गुडघे ढिले पडले. ती पूर्ण शुद्धीत आहे, तिला सगळं ऐकू येतंय. ही कॅटाप्लेक्सी: याच आजारात हसण्यासारख्या भावनेने स्नायू अचानक ढिले पडतात. व्हेन्लाफॅक्सीनने असे झटके कमी झाले आहेत. ते औषध मनाने एकदम थांबवलं तर झटके उसळून येतात.

तालीम पूर्वी रात्री जेवणं आटोपल्यावर व्हायची. मंडळाने ती तिच्यासाठी संध्याकाळी आणली. माझ्या मते हे औषधाइतकंच मोलाचं. भूमिका तिचीच राहिली. हसण्याच्या प्रवेशात दिग्दर्शकाने तिला बाकावर बसवलं आहे.