संकेतस्थळ बंद करण्याचा अधिकार आणि दाद मागण्याचा हक्क

श्रोतेहो, नमस्कार.

19 ऑक्टोबर 2024 रोजी इटलीत अनेकांना गूगल ड्राइव्हवर ठेवलेल्या स्वतःच्याच फाइली उतरवून घेता येईनात. फुटबॉल सामन्यांचे चोरटे प्रक्षेपण रोखण्यासाठी त्या देशाने ‘पायरसी शील्ड’ नावाची यंत्रणा उभारली आहे आणि तिच्यात त्या दिवशी गूगलचा एक पत्ता चुकून नोंदवला गेला होता. प्रक्षेपणाचे हक्क असणाऱ्यांनी एखादा पत्ता नोंदवला की तो 30 मिनिटांच्या आत अडवणे तिथल्या इंटरनेट कंपन्यांवर बंधनकारक आहे. नोंद बरोबर आहे की नाही, हे न्यायाधीशाने आधी पाहावे एवढी सवड त्या अर्ध्या तासात नसते. फाइल-शेअरिंगची संकेतस्थळे अडवण्यावरून जगभर जो वाद चालू आहे, त्यातली मला सर्वांत चिंतेची वाटणारी बाब हीच आहे.

आपले चित्रपट आणि संगीत चोरून वाटले जाते, ही हक्कधारकांची तक्रार खोटी नाही. 2003 साली स्वीडनमध्ये सुरू झालेल्या ‘द पायरेट बे’ या फाइल-शेअरिंगच्या संकेतस्थळाचे सर्व्हर पोलिसांनी 2006 मध्ये जप्त केले, तरी काही दिवसांतच ते संकेतस्थळ पुन्हा चालू झाले. 2009 मध्ये स्टॉकहोमच्या न्यायालयाने ते चालवणाऱ्यांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली, तरीही ते बंद पडले नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे राबून एखादा चित्रपट किंवा संगीत घडवले, त्यांनी हताशपणे हे पाहत राहावे, असे कोणी म्हणणार नाही. संकेतस्थळ चालवणारा हाती लागत नाही, तेव्हा त्याच्याकडे जाण्याची वाट ज्यांच्या ताब्यात आहे त्या इंटरनेट कंपन्यांकडे हक्कधारक वळले, हे ओघानेच आले.

पण एका कामासाठी बांधलेली यंत्रणा दुसऱ्या कामाला किती सहज जुंपली जाते, हे ब्रिटनमध्ये दिसले. बीटी या दूरसंचार कंपनीने 2004 मध्ये ‘क्लीनफीड’ ही गाळणी बसवली, ती बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे अडवण्यासाठी, आणि त्या हेतूबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नव्हते. 2011 मध्ये उच्च न्यायालयाने त्याच यंत्रणेच्या आधारे ‘न्यूझबिन’ हे चोरट्या फाइलींचे संकेतस्थळ अडवण्याचा आदेश बीटीला दिला आणि पुढच्याच वर्षी इतर मोठ्या कंपन्यांना ‘द पायरेट बे’ बंद करावे लागले. यंत्रणा हाताशी आहे, मग ती वापरायला काय हरकत आहे, हा युक्तिवाद कोणत्याही सरकारला आणि कोणत्याही विषयात करता येतो.

अडवण्याची तंत्रेही ढोबळ असतात. डीएनएसमधून, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सूचीतून, नाव काढून टाकले, तर वापरणारा दुसरा डीएनएस निवडून किंवा व्हीपीएन, म्हणजे दुसरीकडच्या सर्व्हरमार्फत जाणारी आडवाट, लावून आत शिरतो. आयपी पत्ताच, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता, बंद केला, तर त्या एका पत्त्यावर चालणारी इतर शेकडो निरपराध संकेतस्थळेही त्याबरोबर बंद पडतात. ऑगस्ट 2017 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून भारतात जी हजारो संकेतस्थळे बंद झाली, त्यांत जुनी पुस्तके, ध्वनिमुद्रणे आणि संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणारे ‘इंटरनेट आर्काइव्ह’ हे ग्रंथालयही होते. तिथे जाणाऱ्याला दूरसंचार विभागाच्या निर्देशानुसार प्रवेश बंद केल्याची सूचना तेवढी दिसे; कोणाच्या तक्रारीवरून आणि का, हे दिसत नसे. कारण न सांगता ग्रंथालयाला लागलेल्या कुलुपाला सेन्सॉरशिप म्हणू नये, तर काय म्हणावे?

एक संकेतस्थळ अडवले की त्याची हुबेहूब प्रत दुसऱ्या नावाने उभी राहते. त्यावर उपाय म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये ‘डायनॅमिक’ मनाईहुकमाची वाट काढली. तीत दर नव्या प्रतीसाठी वेगळा दावा लावावा लागत नाही. त्याच दाव्यात अर्ज करून ती प्रत यादीत घालता येते. हक्कधारकांचा वेळ त्यामुळे वाचतो, हे खरे. पण प्रत्येक नव्या नावाची पहिल्याइतकीच कसून तपासणी होईल, याची खात्री मला वाटत नाही.

म्हणून कोणतेच संकेतस्थळ कधीही अडवू नये, असे मी म्हणत नाही. चोरीचा माल वाटणे हाच ज्याचा धंदा आहे, ते संकेतस्थळ न्यायालयाने पुरावा पाहून अडवावे. मात्र आदेश उघड असावा, त्याला मुदत असावी आणि ज्यांना त्याची झळ बसते त्यांना बोलता यावे. युरोपीय न्यायालयाने मार्च 2014 मध्ये ऑस्ट्रियातील एका खटल्यात स्पष्ट केले की, अशा उपायांविरुद्ध सामान्य वापरकर्त्यालाही न्यायालयात दाद मागता आली पाहिजे. त्याच वर्षी इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने, बनावट माल विकणाऱ्या संकेतस्थळांच्या प्रकरणात, बंदीच्या पानावर आदेश मिळवणाऱ्याचे नाव आणि आदेश बदलून किंवा रद्द करून मागण्याचा वापरकर्त्याचा हक्क, या दोन्ही गोष्टी लिहिल्या पाहिजेत, असे ठरवले. यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही, मोठा खर्चही येत नाही. एवढ्या दोन ओळी छापण्याची सक्ती आपल्याकडच्या इंटरनेट कंपन्यांवर आणि दूरसंचार विभागावर करावी, अशी माझी मागणी आहे.