स्कोप झीरो होऊन नाही राहिला? आधी नॉबवरचा हात काढा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत छर्‍याच्या बंदुकीचं वॉशर कसं बदलायचं ते दाखवलं. खाली कमेंट पाहिल्या तर वॉशरचं कोणी नावच नाही घेतलं. सगळ्यांचं एकच गाणं, "भाऊ, स्कोप झीरो होऊन नाही राहिला." एकानं तर रागात लिहिलं, स्कोपच नाल्यात फेकतो म्हणून. थांब बाप्पा, फेकू नको. नव्या मंडळींसाठी: स्कोप म्हणजे बंदुकीवर बसवायची नेम धरायची दुर्बीण, आणि झीरो म्हणजे जिथं नेम तिथंच छर्रा.

आधीचं फटाफट सांगून टाकतो. नळी 4.5 मिलीमीटरची, म्हणजे .177 इंच, आणि ताकद 20 ज्यूलच्या आत असली तर एअर रायफलला लायसन्स लागत नाही. निशाण्याच्या मागं मातीचा ढीग पाहिजे. दगडी भिंत नको, टिनपत्रा तर नकोच, छर्रा उलटा फिरून येते. आणि पाखरं, ससे हे आपल्या चॅनलवर नाही. 1972 चा वन्यजीव कायदा आहे, वनरक्षक दारात आला की मग मला फोन करू नका. झालं.

आता मुद्द्याचं. तुम्ही काय करता? पहिला छर्रा डावीकडं गेला, की स्कोपच्या बाजूचा नॉब दोन क्लिक, म्हणजे दोन टक, उजवीकडं. दुसरा वर गेला, की वरचा नॉब तीन क्लिक खाली. तिसरा पुठ्ठ्यावर दिसतच नाही. अर्धा डबा संपते, नॉब पार टोकाला जाऊन अडकते, आणि मग कमेंट येते की स्कोप डुप्लिकेट निघाला. अरे, एका छर्‍यानं काहीच कळत नाही! नॉबला हात न लावता, एकाच ठिपक्यावर नेम धरून पाच छर्रे मारा. पाचही छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जात असतील, तर ते ठिपक्यापासून कितीही लांब पडू द्या, बंदूक चांगली आहे, आता खुशाल नॉब फिरवा. पण पाच छर्रे तळहाताएवढे पसरले असतील, तर जगातला कोणताच नॉब ते गोळा करून आणत नाही.

हेच दुसर्‍या बाजूनं पाहा. नॉबवर 1/4 लिहिलेलं असते. हा हिशेब 100 यार्डाचा आहे. तेवढ्या अंतरावर एका क्लिकला पाव इंच. तुम्ही कोठ्याच्या मागं 10 मीटरवर मारून राहिले. तिथं एक क्लिक म्हणजे मिलीमीटरही नाही, पाऊण मिलीमीटरच्या आसपास. छर्राच साडेचार मिलीमीटरचा. म्हणजे दोन क्लिक फिरवून पुढचा छर्रा दोन सेंटीमीटर सरकला, तर तो नॉबनं नाही सरकला, दुसरंच काहीतरी हलून राहिलं. दोन सेंटीमीटरला अठ्ठावीसेक क्लिक लागतात, कागद घेऊन मांडून पाहा.

काय हलून राहिलं? बाजूच्या गावचा एक पोट्टा बंदूक घेऊन आला होता. स्कोप तीनदा काढून बसवला म्हणे. मी स्कोपकडं पाहिलंच नाही. लाकडी दस्त्याच्या पुढच्या भागात, नळीखाली, दोन्ही बाजूंनी एकेक स्क्रू असते. ॲलन की लावली, तर डावा स्क्रू नुसता बोटानं फिरला, पाऊण आटा. उजव्या स्क्रूभोवती लाकडावर चकचकीत गोल घासा पडला होता, म्हणजे किती दिवसाचं ढिल्लं असंन पाहा. दोन्ही कसले, पाच छर्रे मारले, नाण्याखाली आले. पोट्टा म्हणते, "मग नॉब किती फिरवू?" आता काय बोलावं!

स्प्रिंगच्या बंदुकीचा झटका दुहेरी असते. पिस्टन पुढं धावला की बंदूक मागं येते, पिस्टन टोकाला आदळला की पुढं हिसका बसते. म्हणून मोठ्या रायफलचा महागडा स्कोपही हिच्यावर खिळखिळा होऊ शकते, एअरगनसाठी बनलेलाच घ्या. माउंट, म्हणजे स्कोपला धरणार्‍या रिंगा, तेही रेलवर, म्हणजे बंदुकीवरच्या खाचेच्या पट्टीवर, हळूहळू मागं सरकते. रिंगच्या कडेला, रेलवर, वहिनीच्या नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की चोर सापडला. माउंटला खालून स्टॉप पिन असंन तर ती रेलच्या भोकात बसली का, तेही पाहा.

हाच झटका हातातही येते. बंदूक पोत्यावर दाबून धरली तर ती दरवेळी वेगळी उडते. तांदळाच्या पोत्यावर तळहात ठेवा, तळहातावर बंदूक, आणि मूठ आवळू नका. अंड्यावर हात ठेवल्यासारखं धरा.

एक दादा लिहितात, "मी आत शिलाई मशीनचं तेल टाकलं, धूर निघते, पॉवर वाढला." पॉवर नाही वाढला, दादा. सिलिंडरमध्ये तेल पेटून राहिलं. एक छर्रा जोरात, दुसरा हळू, वर सील आणि स्प्रिंगची वाट. आणि मग हेच दादा नॉब फिरवून राहिले!

सगळं कसलं, पाचही छर्रे एकाजागी येऊन राहिले, तरी छर्रे खालीच आणि वरचा नॉब टोकाला? मग नळीच जरा खाली झुकलेली असंन. मागच्या रिंगमध्ये, स्कोपच्या खाली, जुन्या एक्सरे फिल्मची पट्टी घाला. मागची बाजू उचलली की छर्रा वर चढते. नॉब आधी मधोमध आणून ठेवा मात्र. आणि 10 मीटरवर बरोबर, 25 वर बाजूला जात असंन, तर स्कोप तिरपा बसला. गवंड्याचा ओळंबा झाडाला टांगा, बंदूक सरळ धरून स्कोपमधली उभी रेघ त्या दोरीवर जुळवा, मग रिंगचे स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून कसा.

"स्कोपशिवाय नेम लागतच नाही" म्हणणार्‍यांसाठी: कोल्हापूरच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं. त्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही.

शेवटची कमेंट यवतमाळकडून. आजोबांची पीकसंरक्षणाच्या लायसन्सची ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासायची, बंदूक आहे, तिच्यावर स्कोप बसवू का? शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेखच आहे, पण आपल्याकडं या बहुतेक गुळगुळीत नळीच्या. आत आटे नाहीत, गोळी गरगरत नाही, ती आपल्या मर्जीनं जाते. स्कोप काय करंन? आणि लायसन्सच्या हत्याराला घरी ड्रिलनं भोकं पाडू नका. रानडुकरासाठीही नुसतं लायसन्स पुरत नाही, वनविभागाची लेखी परवानगी लागते.

आटेवाली ठासणीची असते बाहेरदेशी, तिच्यावर स्कोप लावतात. तिथं काळ्या दारूची काजळी नळीत साचते. स्वच्छ नळीतली पहिली गोळी एकीकडं, काजळी धरल्यावरची चौथी दुसरीकडं. दर गोळीनंतर ओल्या कपड्यानं नळी पुसायची, दारू दरवेळी तेवढीच मोजायची, गोळी दरवेळी तेवढीच खाली दाबायची, त्यासाठी गजावर खूण करून ठेवतात. हे न करता तिथलेही लोक काय करतात माहीत आहे? नॉब फिरवतात.