एका खाचेत दोघी

(बडोदे. दांडिया बाजारातलं जुनं घर, पहाट.)

"आज तरी मिळणार का गं मशीन?" आजी डबा भरता भरता विचारते. मशीन म्हणजे एनएमआर, रेणूतले कोणते अणू कुणाच्या शेजारी आहेत ते चुंबकाच्या जोरावर ओळखणारं यंत्र. नात पेप्टाइडवर, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्यासारख्या रेणूवर, पीएच.डी. करते, आणि रांगेत तिचा नंबर लागलाय पहाटे पाचला.

(प्रयोगशाळेचं दार.)

मोबाइल, किल्ल्या, केसातले आकडे, सगळं बाहेर बाकावर. आत चुंबक आहे, त्याच्या पोटात उणे 269 अंशांचं द्रवरूप हेलियम.

हातात काचेची नळी, पेन्सिलीपेक्षा बारीक. आत अर्धा मिली पाणी, त्यात विरघळलेलं पेप्टाइड. नळी ती दोनदा पुसते, बोटाचा ठसासुद्धा नको. मग हवेच्या झोतावर तरंगत नळी खाली उतरते.

फोटो निघत नाही हं. पडद्यावर नुसती शिखरं. रेणूतले दोन हायड्रोजन अणू साधारण 5 अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आत असले, तरच एकाची चाहूल दुसऱ्याला लागते. अंतर दुप्पट झालं की खूण 64 पट फिकी. कुणाच्या फोडणीचा वास कुणाच्या खोलीत येतो, एवढ्यावरून अख्ख्या वाड्याचा नकाशा काढायचा, तसलं हे काम. प्रथिनांचे असे नकाशे काढायची रीत बसवली म्हणून कुर्ट वुथ्रिख यांना 2002 साली नोबेल मिळालं.

आता औषधाकडे. डिस्टामायसिन हा मातीतल्या जिवाणूंनी बनवलेला, पेप्टाइडसारखाच, चंद्रकोरीसारखा वाकलेला रेणू. डीएनएच्या गोफाला दोन खाचा, एक रुंद, एक अरुंद. डीएनएची अक्षरं चार, ए-टी आणि जी-सी अशा जोड्यांत; जिथे ए-टी जोड्या सलग, तिथल्या अरुंद खाचेत ही कोर बसते. एकच मावणार, असं धरून चाललं होतं. 1989 साली अमेरिकेत पेल्टन आणि वेमर या संशोधकांना एनएमआरमध्ये भलतेच शेजार सापडले: एकाच खाचेत दोन कोरी, खांद्याला खांदा लावून, पण एकीचं डोकं दुसरीच्या पायाशी. आणि खाचही त्यांच्यासाठी सरकून रुंद झालेली!

दोघी मावतात म्हटल्यावर डीएनएची एकेक बाजू एकेकीला वाचायला देता येते. रसायनशास्त्रज्ञ पीटर डर्व्हन यांनी तेच केलं. कोर बनते पायरोल नावाच्या छोट्या कड्यांची; एकीतल्या एका पायरोलच्या जागी इमिडाझोल हे तसलंच दुसरं कडं घातलं, की समोरच्या पायरोलच्या जोडीने ते जी-सी ओळखतं. मग दोघींना एका टोकाशी सांधलं. आकार झाला थेट केसातल्या आकड्याचा.

खाचेत बसणं वेगळं आणि औषध होणं वेगळं. त्यासाठी आधी पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचावं लागतं, आणि तिथेच बरेच रेणू अडकतात.

(बाहेरचा बाक.)

मोजणी दिवसभर चालेल. ती आकडे केसात खोचते, डबा उघडते. पोळी अजून कोमट आहे.